मत तिकडचे, ब्रेक इकडचा

6 नोव्हेंबर 2024, बुधवार. डोनाल्ड ट्रंप अमेरिकेच्या अध्यक्षपदी पुन्हा निवडून आल्याची बातमी आपल्याकडे दुपारी चारच्या सुमारास पक्की झाली. मी पिंपरीतल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या संध्याकाळच्या वर्गातली बरीच मुले पहिली पाळी करून येतात. कुणी भोसरीला मशीनवर असतो, कुणी चाकणला असेंब्ली लाइनवर, कुणी गोदामात माल भरतो. नखांतले ऑइल पुरते निघालेले नसते. त्या दिवशी धडा सुरू करण्याआधी मी विचारले, "अमेरिकेचा निकाल लागला. तुम्हाला काय वाटतं?"

वर्ग थोडा वेळ गप्प राहिला. मग एक जण म्हणाला, "सर, आपला निकाल तेवीस तारखेला आहे." सगळे हसले. विधानसभेचा प्रचार ऐन भरात होता आणि पिंपरी राखीव मतदारसंघ असल्यामुळे वस्तीवस्तीत त्याचीच चर्चा होती. एका मुलीचा चुलतभाऊ हिंजवडीला संगणक कंपनीत आहे. ती म्हणाली, "भावाच्या व्हिसाचं काय होणार, हेच घरात चाललंय." शेवटच्या बाकावरून आवाज आला, "तिथं कुणी का येईना सर, आमचा ब्रेक सात महिन्यांनी ठरलेलाच."

ब्रेक म्हणजे काय हे या पट्ट्यात कुणाला सांगावे लागत नाही. कंत्राटी कामगार कायम होऊ नये म्हणून त्याला काही महिन्यांनी घरी बसवतात आणि पुन्हा नवा म्हणून घेतात. त्या मुलाच्या दृष्टीने जगातल्या साऱ्या घडामोडी त्या एका शब्दाच्या अलीकडे किंवा पलीकडे असतात.

त्याच रात्री मी दूरचित्रवाणीवर 'भारताची प्रतिक्रिया' पाहिली. शेअर दलाल बोलले, उद्योगपती बोलले, निवृत्त राजदूत बोलले, न्यू जर्सीतले जावई-मुली बोलल्या. चाकणच्या लाइनवरचा माणूस त्या भारतात कुठेच नव्हता. प्रश्न केवळ वगळण्याचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. वगळले जाण्याची आपल्याला सवय आहे. पण अमेरिकेच्या मतपेटीतून जे निघते त्याची किंमत याच न विचारलेल्या माणसाने पूर्वीही चुकवली आहे आणि आजही तोच चुकवतो आहे. हा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. तो आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे.

6 नोव्हेंबर 1860 रोजी अब्राहम लिंकन निवडून आले. गुलामी नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. जिथे गुलामी आहे तिथली ती मोडण्याचे वचन त्यांनी दिले नव्हते. तरीही गुलामांच्या मालकांना तेवढेही सोसले नाही. 20 डिसेंबरला दक्षिण कॅरोलायना संघराज्यातून फुटले, पाठोपाठ इतर राज्ये फुटली आणि एप्रिल 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस त्या बंदरांतून येत असे. तो थांबला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली.

पुढची चार वर्षे मुंबईने जी पाहिली ती आपल्या अर्थव्यवस्थेच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, कागदी शेअरांवर सट्टा चालला. प्रेमचंद रायचंद हे त्या सट्ट्याचे बादशहा. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर त्यांनी याच काळातल्या देणगीतून आईच्या नावाने उभा केला. आपले विद्यार्थी पदवी घ्यायला जातात तेव्हा त्यांच्या डोक्यावर जे घड्याळ वाजते, त्याच्या पायात अमेरिकेच्या निवडणुकीचा पैसा आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. त्याच महिन्यात लिंकन यांचा खून झाला. कापसाचे भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 रोजी, वायद्यांची मुदत भरली त्या दिवशी, मुंबईचा सट्टाबाजार बसला. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. पेढीवाल्यांच्या दिवाळ्याच्या कथा मराठी-गुजराती घरांत पुष्कळ वर्षे सांगितल्या गेल्या. पण खरा तोटा पेढीवर थांबला नाही. तो हळूहळू खाली उतरला.

तो कसा उतरला, हे समजून घेण्यासारखे आहे. भरभराटीच्या काळात धान्याचे भाव चढले होते. रेल्वेची कामे चालू होती. 1863 साली बोरघाटाचा रस्ता रेल्वेला खुला झाला. हातात पैसा खेळत होता. सरकारने हे चढे भाव पाहिले आणि त्या हिशोबाने जमीन महसूल नव्याने ठरवायला घेतला. 1867 साली इंदापूर तालुक्यात फेरआकारणी झाली, पुढे भीमथडी, हवेली या तालुक्यांत झाली. पिंपरी-चिंचवडची गावे तेव्हा याच हवेलीत होती. आकारणी चढ्या भावांनी केली आणि ती भरायची वेळ आली तेव्हा भाव उतरले होते. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. ज्या सावकाराने तेजीत हात सैल सोडला होता, तो आता मूठ आवळून बसला होता. 12 मे 1875 रोजी सुपे गावच्या बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. लोण पुणे व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

या दंग्यांना अमेरिकेतल्या युद्धाचे कारण किती आणि स्थानिक कारणे किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. पुणे जिल्हा काही कापसाचा जिल्हा नव्हता. पण मला तर नेमकी तीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याच्या शेतात कापसाचे एक बोंड नव्हते, त्याच्याही साऱ्यात कापसाच्या काळातली तेजी धरली गेली. नफा वाटताना जो हिशोबात नव्हता, तोटा वाटताना तो पहिल्या ओळीत आला.

आणि या साऱ्यात महार-मांग कुठे होते? आयोगाच्या कागदांत सावकार बोलतो, कुणबी बोलतो, अंमलदार बोलतो. कापसाचा गठ्ठा उचलणारा, घाटात दगड फोडणारा, सारा न भरणाऱ्या कुणब्याला चावडीवर बोलावून आणण्यासाठी ज्याला पिटाळले जाई, तो गावकामगार महार त्या पेचाच्या ऐन मध्यभागी उभा असतो. पण त्याची प्रतिक्रिया कुणी विचारून ठेवलेली नाही. माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकाचा हा पूर्वज.

पण याच काळात, याच पुण्यात, एका माणसाने अमेरिकेची तीच घटना निराळी वाचली. 1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले आणि ते काळ्या गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखविणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. मुंबईच्या बाजाराने त्या युद्धात कापसाचा भाव वाचला होता. जोतीरावांनी त्यात माणसाची सुटका वाचली. आणखी एक गोष्ट आपण नीट पाहावी. अर्पणपत्रिकेत त्यांनी लिंकन यांचे नाव घेतलेले नाही. पुस्तक अमेरिकेच्या लोकांना अर्पण केले आहे, राष्ट्राध्यक्षाला नव्हे. जोतीरावांची नजर खुर्चीवर नव्हती, लोकांवर होती.

इतिहासही त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. लिंकन यांच्या निवडणुकीने गुलामी गेली नाही. युद्ध सुरू होताच हजारो गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत शिरले. सुमारे 1 लाख 80 हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेतून लढले. तेव्हा कुठे डिसेंबर 1865 मध्ये घटनादुरुस्ती होऊन गुलामी कायद्याने संपली. निकालाने दार किलकिले केले, आत शिरण्याचे काम त्या माणसांनी केले. हे मांडणारे कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहिले. अमेरिकेतल्या काळ्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला जात आहे, तसाच अस्पृश्यांचाही नेता येईल काय, या विचाराने ते पत्र गेले होते. बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, त्याच वर्षी वुड्रो विल्सन अध्यक्षपदावर आले होते. ते स्वतः प्राध्यापक, विद्वान. आणि त्यांच्याच कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांत काळ्या नोकरांना गोऱ्यांपासून वेगळे बसवण्यात आले. विद्वान माणूस खुर्चीवर आला म्हणजे न्याय आला, असे होत नाही. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनेही नाव घेतले ते ओकलंडच्या वस्तीत 1966 साली जन्मलेल्या ब्लॅक पँथरचे. अध्यक्ष तेव्हा निक्सन होते. त्यांच्याशी आपल्याला काही घेणे नव्हते.

आमच्या घरात मात्र अमेरिका या वाटेने आली नाही. ती रेशनच्या दुकानातून आली. माझी आजी निरक्षर होती. अमेरिका म्हटले की ती एकच शब्द उच्चारायची, "मिलो." तांबडी, जाडी परदेशी ज्वारी. "त्या अमेरिकेनं आपल्याला जनावराचं खाणं धाडलं आन् आपुन गुमान खाल्लं," असे ती म्हणायची आणि लगेच पुढे, "पर नसतं धाडलं तर तुझा बाप जगला नसता."

पी. एल. 480 हा कायदा अमेरिकेने 1954 साली केला. 1966 च्या दुष्काळी वर्षात आपल्या देशाने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले, त्यातले बहुतेक अमेरिकेचे होते. तेव्हा तिथे लिंडन जॉन्सन अध्यक्ष होते. 1964 ची निवडणूक त्यांनी प्रचंड मतांनी जिंकली होती. याच जॉन्सननी 1964 साली नागरी हक्कांचा आणि 1965 साली काळ्यांच्या मतदानहक्काचा कायदा केला. आणि याच जॉन्सननी आपल्या धान्याची जहाजे थोडी थोडी, मोजूनमापून सोडली, कारण भारताचे शेतीधोरण आणि व्हिएतनामवरची भारताची टीका त्यांना मान्य नव्हती. एका हाताने त्यांनी अलाबामातल्या काळ्या माणसाला मत दिले, दुसऱ्या हाताने आमच्या चुलीवरचे पातेले आपल्या ताब्यात ठेवले. आजीला यातले काहीच ठाऊक नव्हते. तरी तिच्या त्या दोन वाक्यांत दोन्ही हातांचा हिशोब बरोबर होता.

आता माझ्या डोळ्यांदेखतचे सांगतो. 5 नोव्हेंबर 2008 ची सकाळ. मी तेव्हा पदवीच्या वर्गात होतो. आमच्या वस्तीत ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या दारात गर्दी झाली होती. बराक ओबामा निवडून आले होते. दोनशे वर्षांहून अधिक काळात प्रथमच एक काळा माणूस त्या घरात राहायला जाणार होता. आजी पडद्याकडे बघत म्हणाली, "ह्यो तर आपल्यातलाच दिसतुया की रं." त्या संध्याकाळी विहारात वंदनेनंतर कुणीतरी ओबामांवर बोलले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आजही त्या टाळ्यांची मला लाज वाटत नाही.

माझे वडील त्या टाळ्यांत नव्हते. ते एका छोट्या शॉपमध्ये हेल्पर होते आणि त्याच आठवड्यात त्यांना "पुन्हा बोलावू" असे सांगून घरी पाठवले होते. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतली एक मोठी बँक बुडाली होती. ट्रक-मोटारींची मागणी आटली होती. या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांनी काही काही दिवस काम बंद ठेवले आणि त्यांना माल पुरवणाऱ्या लहान शॉपमध्ये त्याचा धक्का कंत्राटी माणसाला पहिल्यांदा बसला. वडील एवढेच म्हणाले, "माणूस चांगला आला. पर आपलं काम गेलं." त्यांना चार महिने काम मिळाले नाही. माझी परीक्षा फी आईने चार घरची भांडी घासून भरली.

त्याच 2008 साली तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला होता. जून 2009 मध्ये अमेरिकेत मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ओबामा सरकारने सरकारी पैसा घालून ती वाचवली. तिथल्या कामगारांनाही त्यासाठी पुष्कळ सोडावे लागले. पण त्यांच्या हातात निदान मत होते, म्हणून सरकारला त्यांच्याकडे पाहावे लागले. तळेगावचे उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले तेव्हा इथल्या कामगाराला त्या देशात कुठलेच मत नव्हते.

मग ओबामांचा विजय खोटा होता का? नाही. नोव्हेंबर 2010 मध्ये त्यांनी आपल्या संसदेत भाषण करताना बाबासाहेबांचा उल्लेख दलित म्हणून आणि घटनेशी जोडून केला, तेव्हा माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधराची मान ताठ झाली. तो अभिमान खरा होता आणि वडिलांचा रिकामा डबाही खरा होता. आपली चूक होते ती एक खरे धरून दुसरे विसरण्यात.

आता पुन्हा माझ्या वर्गात येऊ. ट्रंप यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, 3 मे 2025 पासून, अमेरिकेने परदेशी मोटारींच्या सुट्या भागांवर 25 टक्के आयातकर लावला. ऑगस्टमध्ये भारतीय मालावर आधी 25 टक्के आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के, असा एकूण 50 टक्के कर बसला. मोटारींचे जे भाग पहिल्या हुकुमाखाली येत होते, त्यांना हा दुसरा कर लागू नव्हता. पण दूरचित्रवाणीवर रात्रंदिवस एकच आकडा घुमत होता, पन्नास. सप्टेंबरमध्ये नव्या एच-1बी व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागले, तेव्हा हिंजवडीची चिंता पहिल्या पानावर आली. ती चिंता खोटी नव्हती. आपलीही काही मुले आता तिथे पोहोचली आहेत.

त्याच दिवसांत शेवटच्या बाकावरचा तो मुलगा वर्ग संपल्यावर थांबला. म्हणाला, "सर, शॉपमध्ये ओव्हरटाइम बंद केला. मालक म्हणतो, ट्रंपनं पन्नास टक्के लावलेत, मी काय करू?"

मी विचारले, "तू काय बनवतोस?"

"दुचाकीची स्प्रॉकेट."

"जाते कुठे?"

तो थोडा थांबला. "इथंच सर. आकुर्डीच्या एका व्हेंडरकडं. तिथनं इथल्याच गाडीला."

त्याचे त्यालाच हसू आले. पण ते हसू फार टिकले नाही. जो माल अमेरिकेला जातच नव्हता, त्याच्या मजुरीतून अमेरिकेचा कर कापला जात होता. मला लगेच इंदापूर आठवले. कापूस न पिकवणाऱ्या शेतावर कापसाच्या तेजीचा सारा. सरकार बदलले, मालक बदलले, खाते तेच राहिले. ज्यांचा माल खरोखर निर्यात होतो अशी शॉपही या पट्ट्यात पुष्कळ आहेत आणि त्यांची अडचण खरी आहे, हे मी नाकारत नाही. पण खरी अडचण आणि निमित्त यांतला फरक कामगाराला कळू नये, अशीच ही व्यवस्था आहे. दूरचा मोठा माणूस, मग तो लिंकन असो की ट्रंप, जवळच्या माणसाला आपली जबाबदारी लपवायला आडोसा म्हणून फार उपयोगी पडतो.

म्हणून अमेरिकेच्या निकालावर आपली प्रतिक्रिया काय असावी, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. तिथे कोण आला म्हणून हुरळू नये आणि कोण आला म्हणून हातपाय गाळू नयेत. तिथल्या लोकांनी काय केले, हे जोतीरावांप्रमाणे पाहावे आणि त्यातून आपल्याकडे काय करता येईल, ते शोधावे. आणि तो निकाल आपल्या घरात कोणत्या वाटेने शिरला, कुणाच्या हातून शिरला, याचा हिशोब आजीप्रमाणे दोन्ही बाजूंनी ठेवावा. पहिल्या गोष्टीवाचून आपण नुसते पोटार्थी होऊ. दुसरीवाचून आपण नुसत्या टाळ्या वाजवणारे होऊ.

मी वर्गात एक छोटे काम सुरू केले आहे. मुलांना मी वहीत रोजची नोंद करायला सांगितली आहे. तारीख, पाळी, काम मिळाले की नाही, ओव्हरटाइम किती, कमी झाला तर मालकाने कारण काय सांगितले आणि आपण बनवलेला माल कुठे जातो. काहींनी कंटाळून सोडून दिले. सात-आठ जण अजून लिहितात. त्यांपैकी तिघांनी आपापल्या शॉपमधला माल कुठे जातो हे पहिल्यांदाच विचारले, आणि विचारल्यावर सुपरवायझर का चिडला, हेही लिहून ठेवले. कामगार संघटनेत काम करणाऱ्या एका मित्राला या वह्या हव्या आहेत. मुलांना विचारून मी त्या देणार आहे.

1875 च्या आयोगापुढे आपला माणूस बोलला नाही, कारण त्याला कुणी बोलावले नाही आणि त्याच्याकडे लिहिलेले काही नव्हते. आज बोलावणे अजूनही येत नाही. पण लिहायला आता आपल्याला कुणी अडवू शकत नाही. चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, जिथे जिथे आपले शिक्षक मित्र शिकवतात, तिथे तिथे अशा वह्या सुरू व्हाव्यात, अशी माझी विनंती आहे. अमेरिकेची पुढची निवडणूक 2028 साली आहे. तोपर्यंत चार वर्षांचा आपला हिशोब आपल्या हातात असावा.

शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला पुढच्याच महिन्यात ब्रेक मिळाला. त्या तारखेच्या नोंदीत त्याने मालकाने सांगितलेले कारण लिहिले आहे, "ट्रंप." आणि त्याच्यापुढे स्वतःच्या अक्षरात, "माल आकुर्डीला."